सीवाची जुनी गढी पुन्हा लिंपायला हवी होती का?

वाळवंटवेडा: इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात, लिबियाच्या सीमेपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या सीवा या मरूद्यानातील शालीची गढी युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने दुरुस्त होऊन नोव्हेंबर २०२० मध्ये खुली झाली. माझ्या मते ती पडकीच राहू द्यायला हवी होती. तेराव्या शतकात वसलेली ही गढी कर्शीफची, म्हणजे खाऱ्या तळ्यांकाठची मिठाची ढेकळे चिखलात बसवून रचलेली आहे. १९२६ मध्ये तीन दिवस पाऊस लागला, भिंतींतले मीठ विरघळले आणि लोक खाली नव्या घरांत उतरले. तो पाऊसही सीवाच्या इतिहासातच मोडतो. नव्या लिंपणाने त्याची खूण पुसली जाते, आणि तीही बहुधा पर्यटकांच्या सोयीसाठी.

माळवद: असहमत. धाब्याच्या घरात लहानपण गेलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, की पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून ती चोपली नाही, तर काही वर्षांत घर बसते. मातीचे बांधकाम डागडुजीवरच जगते, त्यामुळे लिंपण ही इतिहासातली ढवळाढवळ ठरत नाही. ढवळाढवळ पाहायची असेल तर जवळचेच उम्म उबैदाचे, आमून या प्राचीन इजिप्शियन देवाचे देऊळ पाहावे: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या अधिकाऱ्याने दगडासाठी ते सुरुंगाने उडवले आणि आज कोरीव चित्रांची एक भिंत तेवढी उभी आहे.

वाळवंटवेडा: तुमचे माळवद दरवर्षी चोपले जात होते, कारण खाली माणसे नांदत होती. शालीत आता कोण नांदते?

खारे पाणी: आपण दोघेही भिंतींवरून वाद घालत आहात. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये अलेक्झांडर सीवातल्याच अघुर्मीच्या टेकडीवर आमूनचा कौल घ्यायला आला, तेव्हा वाळवंटातली ही जागा टिकून होती ती झऱ्यांमुळे. सीवा समुद्रसपाटीच्या खाली असल्याने शेतीतून उरलेल्या पाण्याला बाहेर वाट नाही. बेसुमार विहिरी खणल्यामुळे ते पाणी खाऱ्या तळ्यांत साचते, तळी फुगतात, जमिनीत मीठ चढते आणि खजूर-ऑलिव्हच्या बागा वाळतात. आधी खर्च निचऱ्यावर व्हायला हवा होता.

माळवद: निचऱ्याचा मुद्दा मान्य. तरीही कर्शीफ रचणारे गवंडी हाताला काम असेपर्यंतच टिकतात, आणि त्यांच्यानंतर तिथे उरतील ती सिमेंटची, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी घरे.