वर्षाच्या आत नव्या गाडीला गंज, आणि म्हणे ‘नॉर्मल आहे’

हैराण_चालक:
गाडी घेऊन वर्षही झालेलं नाही. रंग पांढरा. परवा पुसताना डिकीच्या दाराच्या खालच्या कडेला, पत्रा आत दुमडलेला असतो तिथे, मोहरीएवढे फुगे दिसले. एक नखाने दाबला तर फुटला आणि तपकिरी भुकटी बोटाला लागली. मग नजर जिथे तिथे गंजच शोधायला लागली. ब्रेक डिस्क नारिंगी, सायलेन्सरच्या वेल्डिंगवर तांबूस थर, मागच्या चाकांमागे रंगावर केशरी ठिपके. सर्व्हिस अॅडव्हायझर म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे, अंडरबॉडी कोटिंग मारून घ्या." पैसे अर्थात माझेच. वॉरंटीच्या कागदावर ‘पत्र्याला आरपार भोक पडल्यास’ असं छापलंय. म्हणजे भोक पडेपर्यंत बघत बसायचं? जाणकारांनी सांगावं.

चौथा_गिअर:
डिस्कचं टेन्शन घेऊ नका. ती बिडाची असते, पॅड घासतं त्या भागावर रंग नसतोच. गाडी ओली उभी राहिली की एका रात्रीत नारिंगी होते, दोन-चारदा ब्रेक दाबले की चकचकीत. सायलेन्सरच्या वेल्डिंगचंही तसंच, वरवरचा गंज आहे.

पत्रा_आणि_रंग:
बरीच वर्षं रंगकामात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केशरी ठिपके बहुधा गंज नव्हेतच. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगावर चिकटून गंजतात. हात फिरवून बघा, खरखरीत लागतील. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ येतात, उरलेलं क्ले बारने (रंगावरून घासायचा मऊ मातीसारखा गोळा) निघतं. पांढऱ्या रंगावर दिसतात एवढंच.

फुगे मात्र नॉर्मल नाहीत. त्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. बॉडी बुडवून देतात तो प्राइमर जेमतेम 20 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, आणि घडीच्या आत तो नीट पोचेलच असं नाही. म्हणून वरून सीलंट ओढतात. तिथे फट राहिली की पाणी आत ओढलं जातं आणि सहजी वाळत नाही. पत्र्यावर जस्त असेल तर आधी ते झिजतं, मग लोखंड. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून रंग उचलला जातो. थोडक्यात, फुगा दिसला तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

आता नख लावू नका, टचअपही करू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. आरपार भोकाची वॉरंटी वेगळी. तुमची तक्रार रंगाच्या दोषाची आहे, ती साधारण नेहमीच्या वॉरंटीत बसते आणि तिची मुदत कमी असते. तेव्हा आत्ताच जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या नोंदीच्या कागदावर, ‘डिकीच्या कडेला रंगाखाली गंज’ असे शब्द लिहून घ्या. तोंडी ‘नॉर्मल’ला काही किंमत नाही. त्यांच्याकडच्या मीटरने रंगाची जाडी मोजायला सांगा. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. तिथेच 300 निघाले तर तुमच्या हातात यायच्या आधी गाडी कुठेतरी ठोकून पुन्हा रंगवलेली असू शकते, मग भांडण वेगळंच.

अंडरबॉडी कोटिंगने या फुग्यांचं काही होणार नाही. उलट गंजावर रबरी थर बसला की ओल आतच कोंडते.

जुना_मिस्त्री:
एवढं कशाला, वापरलेलं इंजिन ऑइल फासा कडेला.

पत्रा_आणि_रंग:
आणि डिकीचं रबर फुगलं की काय फासायचं? शिवाय तेलकट पत्र्यावर उद्या रंग धरणार नाही. घडीत घालायचंच तर कॅव्हिटी वॅक्स (पत्र्याच्या पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण), तेही दुरुस्तीनंतर.

हैराण_चालक:
मीटर लावून घेतलं. छतावर 118, डिकीच्या कडेजवळ 126. म्हणजे पुन्हा रंगवलेली दिसत नाही. पण डिकीच्या दाराच्या तळाला पाणी निघायचं एक छिद्र सीलंटने अर्धं बुजलेलं सापडलं. जॉबकार्डवर फुगे लिहिले, छिद्राचं लिहायला तयार नाहीत.

पत्रा_आणि_रंग:
फोटो जोडून कंपनीला ईमेल टाका, डीलरला सीसी. नुसता रंग मारून देऊ म्हणाले तर नको म्हणा. घडी साफ करून पुन्हा सील करा, नाहीतर दार बदला.