एचआयव्ही टेस्ट सरकारी केंद्रात करू की घरी किटवर? बजेट शून्य

अनामिक_घुबड: नमस्कार मंडळी, नवीन आयडी काढून विचारतोय, का ते कळेलच. ३ आठवड्यांपूर्वी कंडोम फाटला. तेव्हापासून रात्री छताकडे बघत पडतो. टेस्ट करायचीय, खिशात काही नाही, त्यामुळे खासगी लॅब सुचवू नका प्लीज. सरकारी सेंटरला जाऊ की घरीच किटवर करू? आणि तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगायचं?

झकासराव: खासगी लॅबच कर रे, अशा बाबतीत पैसे बघायचे नसतात. मी दरवर्षी फुल बॉडी पॅकेज करतो, माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो. परवा व्हिटॅमिन डी कमी निघालं.

उंबरठा: @झकासराव त्या पॅकेजात एचआयव्ही असते का? नीट बघा, सहसा नसते.

झकासराव: बघून सांगतो.

उंबरठा: सरकारीत जा. मी गेले होते, नाव न पुकारता नंबर पुकारला, समुपदेशक बाईंनी दार लावून घेतलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. एक पैसा लागला नाही. ओळखीचं भेटलंच तर तोही तिथेच आलाय ना, तो काय सांगणार कुणाला!

कटकट्या: तुमचं नशीब. मी दोनदा हेलपाटा मारला, आधी किट संपलेली, मग टेक्निशियन ट्रेनिंगला. तिसऱ्यांदा एचआयव्ही झाली तर सिफिलिससाठी दुसरी खिडकी, आणि गनोरिया-क्लॅमिडिया (हेही संबंधांतून लागणारे आजार) म्हटलं तर 'तुम्हाला त्रास काय होतोय?' त्रास नाही म्हणून तर टेस्ट मागतोय ना! लक्षणं बघून गोळ्या देतात, आणि क्लॅमिडियाला बहुतेकांना लक्षणंच नसतात, मग ते सापडणार कसे?

पोपटपंची: पण मुळात फाटला कसा? तेल किंवा व्हॅसलीन लावलं होतं का? लॅटेक्स तेलाने कमजोर होतं.

कटकट्या: तो प्रश्न नाहीये भाऊ.

पोपटपंची: प्रश्न नसला तरी कारण तेच असतं. दोन एकावर एक घातले तरी घासून फाटतात.

रक्तपेढी_रिटायर्ड: ३ आठवडे म्हणजे पीईपीची (धोक्याच्या संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या) वेळ गेली, त्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात, पुढच्या वेळी लक्षात ठेव. आज टेस्ट निगेटिव्ह आली तरी नाचू नकोस. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये चौथ्या पिढीची टेस्ट (अँटीबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधणारी) केली तर ४५ दिवसांनंतरचा निकाल धरता येतो, घरच्या किटला ९० दिवस धर. किट पॉझिटिव्ह दाखवलं तरी तो निकाल नव्हे, सेंटरला जाऊन पक्कं करावंच लागतं. आणि तोवर कंडोम वापर, रक्तदान करू नकोस.

उंबरठा: मी पण तेच म्हणतेय, सरकारीत जा.

अकरावं_वर्ष: मी पॉझिटिव्ह आहे. ११ वर्षं गोळ्या चालू, रक्तात विषाणू मोजण्याइतका सापडत नाही, आणि तसं असलं की शारीरिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता अभ्यासांतून पक्कं झालंय. जोडीदार निगेटिव्ह. मला गोळीपेक्षा रांग छळते. मध्ये ३ महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायचे, आता साठा नाही म्हणून पुन्हा महिन्याच्या. दर महिन्याला कामावर नवीन थाप मारायची, पोट किती वेळा बिघडणार माणसाचं? घुबडा, ये एकदा, रांगेत कोणी खात नाही.

झकासराव: बघितलं. माझ्या पॅकेजात एचआयव्ही नाहीये. पण थायरॉइड आहे.

अनामिक_घुबड: सगळ्यांचे आभार. शेवटी उसने पैसे काढून किट आणलं. बाथरूममध्ये बसून केलं, बोट टोचायलाच दहा मिनिटं गेली. 'सी'समोर (कंट्रोल) एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह.

रक्तपेढी_रिटायर्ड: अरे, ९० सांगितले होते ना?

अनामिक_घुबड: माहितीये काका. आज फक्त झोपायचंय.

झकासराव: व्हिटॅमिन डी पण बघून घे, झोपेवर परिणाम होतो म्हणतात.