तरोटा उपटायचा तर दिवाळीची वाट पाहू नये

दिवाळीच्या सुटीत महाविद्यालयीन मुलांना मजुरी देऊन वनउद्यानातील पायवाटा आणि गावाचे मैदान साफ करून घ्यावे, ही सूचना मला मान्य आहे. हरकत आहे ती केवळ निवडलेल्या महिन्याला. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यापायी आम्हीही दिवाळीनंतरच टेकडीच्या वाटेवर तरोटा (म्हणजे टाकळा, पावसाळ्यात माजणारे तण) काढायला गेलो होतो. तोवर शेंगा वाळून तडकू लागल्या होत्या. आम्ही भारे बांधून डोक्यावरून मैदानापर्यंत नेले आणि वाटभर बी सांडत गेलो. पुढच्या पावसाळ्यात, जिथे पूर्वी नुसते गवत होते त्या कडेलाही तरोट्याची रांग उभी राहिली. (श्रमदान असे उगवून आले!)

तरोटा एकाच हंगामाचे झाड असल्यामुळे पोळ्याच्या सुमारास, फुलावर असताना आणि जमीन ओली असताना तो मुळासकट सहज निघतो व नवे बी पडत नाही; जुने बी जमिनीत टिकते, म्हणून हे काम सलग काही वर्षे करावे लागते. घाणेरीला (अनेक वर्षे टिकणारे काटेरी झुडूप) मात्र सुटीतही हात घालता येईल, फक्त ती विळ्याने छाटू नये, कुदळीने बुडखा काढावा, नाहीतर ती पुन्हा फुटते.