शब्दचर्चा : स्टोरी टाकणं म्हणजे ‘चळवळ’ का?

प्रश्न : दापोली तालुक्यातून

अकरावीच्या वर्गाला ‘माझी वाडी’ हा निबंध दिला होता. एका मुलीने लिहिलं, ‘आमच्या वाडीच्या रस्त्यासाठी चळवळ चालू आहे आणि मी दोन वर्षं त्या चळवळीत आहे.’ मला आनंद झाला. बैठका कुठे होतात असं विचारलं, तर म्हणाली, “बैठका नाही होत सर. आम्ही स्टोरी टाकतो, रील करतो. पावसात तर रोज.”

‘चळवळ’ या शब्दाखाली रेघ मारायला पेन उचललं, पण मारली नाही. रेघ मारली तर त्याजागी कुठला शब्द लिहायचा ते सुचेना. ‘मोहीम’? ‘प्रचार’? ‘जनजागृती’? एकही नीट बसत नाही. इंग्रजीत अशा घरबसल्या पाठिंब्याला ‘स्लॅक्टिव्हिझम’ म्हणून हिणवतात. तो शब्द मला नको. त्यात आळसाचा ठपका आहे आणि ही मुलगी आळशी नाही. पावसाळ्यात चपला हातात घेऊन, चिखल तुडवत एसटी गाठते.

आधी माझ्याजवळचं मांडतो. ‘चळवळ’ हा मुळात अंगाचा शब्द. चळणं म्हणजे हलणं, जागा सोडणं. एका जागी न बसणारं पोर ते चळवळ्या. ‘सामर्थ्य आहे चळवळेचे’ हे समर्थांचे शब्द दासबोधामुळे आपल्या तोंडी बसले आहेत. ‘मोर्चा’ फारसीकडून आला. किल्ल्याला वेढा पडला की आडोसा करून लढायची जी जागा बांधत तो मोर्चा, म्हणून आजही ‘मोर्चेबांधणी’. ‘धरणे’ म्हणजे धनकोने ऋणकोच्या दारात उपाशी बसून राहणं. ‘आंदोलन’ म्हणजे झोका. पडवीतला झोपाळा करतो ते आंदोलन, लंबक करतो तेही आंदोलन. ‘पाठिंबा’ या शब्दात तर पाठच आहे. म्हणजे आपले हे बहुतेक शब्द पाय, पोट, पाठ यांच्यावर उभे आहेत.

‘निषेध’ मात्र वेगळा. विधिनिषेधातला निषेध म्हणजे मनाई. आज निषेध करणारा कुणाला मनाई करत नाही, नापसंती कळवतो. तीही बरेचदा नुसती ‘नोंदवतो’. हा शब्द मऊ झाला तेव्हा मुलांच्या हातात फोन नव्हते, म्हणून तो दोष त्यांच्यावर ढकलू नये.

मला खरा गुंतवतो तो ‘व्यक्त होणे’ हा प्रयोग. आमच्या लहानपणी ‘व्यक्त करणे’ होतं आणि त्याला कर्म लागायचं. मत व्यक्त केलं, खेद व्यक्त केला, शंका व्यक्त केली. काय व्यक्त केलं हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. आता मुलं एकमेकांना विचारतात, “तू व्यक्त का नाही झालीस?” इथे कर्म गळालं. मतापेक्षा माणूसच व्यक्त होतो. न बोलणाऱ्याला मत नाही एवढंच कुणी समजत नाही, तो माणूस म्हणूनच संशयात येतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने एका जागतिक प्रश्नावर काही टाकलं नाही म्हणून मित्रांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला. त्याला तो प्रश्न नीट कळलाच नव्हता. मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटला.

तर विचारतो : ‘चळवळ’ हा शब्द कुठवर ताणता येईल? आणि मुलं जे करतात त्याला मराठीत आधीपासून काही नाव आहे का?

उत्तर : ठाण्याहून, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात

सर, नाव नंतर शोधू. आधी मुलं तिथे का जातात ते पाहा.

तुमची विद्यार्थिनी सोळा वर्षांची असेल. ग्रामसभेत ती मतदार नाही. अठरा पूर्ण झाली तरी आमच्याकडच्या कितीतरी गावांत मुलीने उभं राहून प्रश्न विचारला की आधी ‘कुणाची गो तू?’ असं विचारतात. फोनवर तिला कुणी कुणाची म्हणून विचारत नाही. हे आकर्षण लहान नव्हे.

दुसरं माझं. मी चाकरमानी. गावात वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद करायचं काम २०११ साली सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. आज नोकरीत आहे आणि गणपतीला जाताना अजून त्याच टप्प्यावर जीव मुठीत धरतो. या रस्त्यासाठी आम्ही मुलांनी खड्ड्यांचे फोटो टाकले, अपघातांच्या जागा नकाशावर खुणा करून फिरवल्या. गावात नसलेल्या माणसाने गावासाठी दुसरं काय करायचं? मोर्चा कचेरीवर न्यायचा म्हणजे रजा काढायची, आणि रजा गणपतीसाठी राखलेली असते. आमचं हे करणं चळवळीत धरा किंवा धरू नका, पण रिकामं म्हणू नका.

एक मात्र कबूल करतो. विसर्जन झालं की फोटो थांबतात. खड्डे तिथेच असतात, आम्ही तिथे नसतो.

उत्तर : पालघरहून

‘बटण दाबायला काय लागतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण, आमच्याच गावची. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद असताना एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारं चार ओळींचं लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते फक्त लाईक केलं. दोघींना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे इंटरनेटवरच्या ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं कलम, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, त्या सुनावणीमागे या अटकेचा धक्का होता. त्या दिवसांत आमच्या घरी आई रात्री फोन काढून घ्यायची, तेव्हापासून मला ‘लाईक’ हा फुकटचा शब्द वाटत नाही. किंमत कधी पडते आणि कुणाला पडते हे आधी सांगता येत नाही, एवढंच.

उत्तर : अलिबागहून

जुना दाखला हवा तर आमच्या तालुक्यातलं चरी. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत म्हणून कुळांनी १९३३ ते १९३९, सहा वर्षं संप केला. भातखाचरं पडीक राहिली. घरात दाणा नाही, तरी मोडला नाही. त्याला ‘चरीचा संप’ म्हणतात. या तालुक्यात ‘लढा’ हा शब्द जपून वापरतात.

पण याच संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केलं. गावाबाहेर आवाज गेल्याशिवाय पोट किती दिवस तग धरणार, हे त्यांना कळलं होतं. म्हणून आवाज एका पारड्यात आणि अंग दुसऱ्यात घालून तोलू नये असं मला वाटतं.

उत्तर : मालवणहून

तुम्हाला हवा तो शब्द आमच्याकडे किनाऱ्यावर आहे : कुकारो. लांबच्या माणसाला ऐकू जावा म्हणून तोंडाशी हात धरून घातलेला आवाज. देशावर ‘हाळी’ म्हणतात तसा.

रापण ठाऊक असेल. होडीने जाळं अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर माणसांनी ओढायचे. मासळीचा थवा पाण्याच्या रंगावरून, पक्ष्यांच्या झेपेवरून एखाद्यालाच आधी दिसतो. तो कुकारो घालतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही, तो नसता तर थवा गेला असता. पण तो तिथेच उभा राहून कुकारे घालत राहिला आणि दोराला कुणी हात लावला नाही, तर जाळं पाण्यातच राहील.

रात्री समुद्रात एलईडीचे झगमगाट करून मासळी ओढतात, त्याला केंद्राने २०१७ साली बंदी घातली. तरी दिवे दिसत राहिले. आमच्या पोरांनी ते फोनवर टिपले आणि गटागटांत टाकले. तोवर म्हाताऱ्यांच्या सांगण्याला ‘पुरावा काय?’ असं उत्तर मिळायचं. चित्रं आल्यावर तो प्रश्न बंद झाला. तिथवर फोनचं काम फार मोठं. पुढे अर्ज घेऊन जाणं, तारखांना हजर राहणं, गस्तीची मागणी लावून धरणं, हे म्हाताऱ्यांनीच केलं. कारण पोरांपैकी निम्मे गोव्याला हॉटेलांत कामाला. माझा आजा म्हणायचा, “गजाली मारून रस्तो होता काय?” मी पोरांना ते ऐकवत नाही. ती गजाली, म्हणजे नुसत्या गप्पा, मारत नाहीत. ती लांबून कुकारो घालतात, आणि जवळ यायला त्यांना किनाऱ्यावर पोट भरायची सोय नाही.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

कुकारो, हाळी, हाक. हे मला पटतंय. ‘चळवळ’ खोडायची गरजच राहत नाही, तिच्या आधीची पायरी कुठली ते कळतं. मराठीत हाकेला जोडून शब्द येतात ते पाहा : हाकेला ओ देणं, हाकेसरशी धावणं, हाकेच्या अंतरावर असणं. हाक एकटी कधी नसते. तिला अंतर असतं आणि पलीकडे कुणीतरी असतो. नुसत्या आवाजासाठी वेगळा शब्द आहे, ‘हाकाटी’, आणि त्यात आपण नेहमी थोडी नाराजी मिसळतो.

अंतरावरून मला २०२० चा जून आठवला. २५ मेला अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. २ जूनला जगभर लोकांनी इन्स्टाग्रामवर काळे चौकोन टाकले. आमच्या मुलामुलींनीही टाकले, मनापासून. पण तिकडे मदतीची माहिती ज्या हॅशटॅगखाली मिळत होती तिथेच हे चौकोन इतके साचले की माहिती बुडाली. शेवटी तिथल्याच कार्यकर्त्यांना सांगावं लागलं, तो टॅग काढा.

दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. हर्णे, मुरुड, आंजर्ले, केळशी, सगळीकडे नारळी-पोफळी आडव्या. टॉवर गेले, वीज गेली ती कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे. मुंबई-पुण्यात आमच्यासाठी लोक लिहीत होते, कळवळून लिहीत होते, आणि आम्हाला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. आमच्या मुलांच्या खात्यांवर शेवटचं म्हणून तो काळा चौकोनच बरेच दिवस राहिला. त्या दिवसांत उपयोगी पडला तो कोयता, करवत आणि शेजारचा माणूस. चौकोन टाकणारीच मुलं रस्त्यावरची झाडं तोडत होती, म्हाताऱ्यांच्या घरांवर कौलं चढवत होती. कुणी त्याचं चित्र काढलं नाही, फोन बंद होते. आज त्यांना विचारलं तर त्या कामाला ती ‘चळवळ’ म्हणत नाहीत. ‘मदत केली’ म्हणतात. इतका मोठा शब्द त्यांनी फोनसाठी राखला आणि हातांच्या कामाला साधा शब्द दिला, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या वादांतून आलेली एक जोडी आहे : बोलके सुधारक आणि कर्ते सुधारक. आमच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे दुसऱ्या जातीचे. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. मी वर्गात ही जोडी शिकवायचो ती ‘बोलके’ला खाली ढकलून. आता तसं शिकवणार नाही. कुणी बोललंच नसतं तर कर्व्यांच्या करण्याचा अर्थ लोकांना कळायला आणखी किती वर्षं गेली असती?

शेवटचं, विद्यार्थिनीकडून (तिच्या सांगण्यावरून मी इथे टाकतो आहे)

सर, मी निबंधात ‘चळवळ’ तसाच ठेवते, पण वाक्य बदलते. आणि मला एक शब्द विचारायचा आहे.

आम्ही व्हिडिओ टाकला की बघतो, रीच किती. रस्त्याच्या रीलची रीच आमच्या अख्ख्या गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाली होती. ती बघणारे बहुतेक कुठले होते माहीत नाही. मालवणच्या काकांचं वाचून मी आणि आत्या गेल्या सोमवारी तालुक्याला गेलो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आत्याच्या नावाने केला, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. रस्त्याला पैसे मंजूर झालेत का, झाले असतील तर काम कुणाला दिलं, एवढंच विचारलं. खिडकीवरच्या बाईंनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला आणि म्हणाल्या, “ही पोच नीट ठेव. तीस दिवसांत उत्तर यायला हवं.”

पोच म्हणजे तेच ना सर, पोचणं? मग ‘रीच’ला मराठीत ‘पोच’ म्हणता येणार नाही, कारण पोच देणारा समोर असावा लागतो आणि त्याने शिक्का मारावा लागतो. मी तिचा फोटो स्टोरीला टाकला आहे. आज नववा दिवस.