कॅथोलिक शाळेत गणित शिकवणाऱ्या शिक्षकाचे पाचारण कशात असते?

गणिताची शिक्षिका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी प्रापंचिक (म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नसलेली) कॅथोलिक असून गेली सहा वर्षे एका कॅथोलिक शाळेत माध्यमिक वर्गांना गणित शिकवते आहे. नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे शिक्षकांचे चिंतनशिबिर असते आणि यंदा प्रत्येकाने ‘माझे पाचारण आणि प्रेषितकार्य’ (म्हणजे देवाने मला कोणत्या कामासाठी हाक दिली आहे आणि त्या हाकेनुसार मी कोणती सेवा करते) या विषयावर दोन पाने लिहून आणावीत, असे ठरले आहे. मी लिहायला बसले आणि पहिल्याच परिच्छेदाशी अडले. धर्मशिक्षणाचा तास घेणाऱ्या सहकाऱ्यांना या विषयावर पुष्कळ सुचत असेल. मी मात्र वर्गसमीकरणे आणि भूमितीतील सिद्धता शिकवते. तिथे शुभवर्तमानाचा संबंध ओढूनताणून आणावा असे मला कधी वाटले नाही, आणि तसे न वाटणे ही माझ्या श्रद्धेतली उणीव आहे की काय, अशी शंका आता मनात येते. त्यातच माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले इतर धर्मांची आहेत आणि त्यांच्या आईवडिलांच्या विश्वासाला तडा जाईल असे काहीही माझ्या हातून घडू नये, याची मला काळजी असते.

आणखी एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, तरी लिहिते. पूर्वी मी ज्या शाळेत होते तिथे जादा तास, सुट्टीतली कामे किंवा रखडलेले वेतन यांविषयी काही विचारले की, ‘ही नोकरी नव्हे, पाचारण आहे,’ एवढेच उत्तर मिळत असे. तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की मन आखडते. मला तो शब्द पुन्हा मनापासून उच्चारता यावा असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त मुख्याध्यापक

ताई, आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) दस्तऐवजांत इतक्या स्पष्टपणे दिलेले आहे की ते शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही याचेच मला वाईट वाटते. कॅथोलिक शिक्षणाचे काम पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या विभागाने १९७७ साली कॅथोलिक शाळेविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात म्हटले आहे की प्रत्येक विषय त्याच्या स्वतःच्या पद्धतीनेच शिकवला पाहिजे आणि विषयांना श्रद्धेची पुरवणी किंवा धर्ममताच्या समर्थनाचे साधन मानणे चूक ठरेल. म्हणजे आपण जे करत आहात ते उणिवेचे नव्हे, तर अपेक्षितच आहे. सिद्धतेतील एखादी पायरी गाळली तर उत्तर बरोबर येऊनही ती सिद्धता अपुरी राहते, हे ज्या मुलाला आपण पटवून देता, त्याच्या मनात सत्याविषयीचा आदर रुजतो; आणि सत्याविषयी आदर नसलेल्या मनात श्रद्धाही फार काळ तग धरत नाही, असे माझे मत आहे.

जगभरातील कॅथोलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. कॅथोलिक शाळेचे हेतू सिद्धीस जाणे हे मुख्यतः शिक्षकांवर अवलंबून आहे, असे त्यात सांगितले आहे. हे वाक्य समारंभात वारंवार ऐकू येते. परंतु शिक्षकाच्या पाचारणासाठी मनाचे व बुद्धीचे विशेष गुण, अत्यंत काळजीपूर्वक केलेली तयारी आणि स्वतःला सतत नवे करत राहण्याची तत्परता लागते, हे त्याच जाहीरनाम्यातील म्हणणे मागे पडते. तयारी न करता वर्गावर जाणारा आणि ती कसर प्रार्थनेने भरून काढू पाहणारा शिक्षक मी पाहिला आहे. तो भाविक होता, यात शंका नाही. पण त्याच्या वर्गातील मुलांचे नुकसान झाले आणि ते मी वेळीच थांबवले नाही, याची खंत मला आजही आहे.

संत जॉन बॅप्टिस्ट डी ला साल यांचे चरित्र आपण या निमित्ताने अवश्य वाचावे. फ्रान्समधील रँस येथे जन्मलेले (१६५१) हे धर्मगुरू सधन घराण्यातले होते आणि तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांना मानाचे व उत्पन्नाचे पद होते. गरीब मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांना ते ईश्वरी कृपेवर भरवसा ठेवायला सांगत, तेव्हा त्या शिक्षकांनीच त्यांना उलट विचारले की, आपल्याजवळ पद आणि संपत्ती असताना असा भरवसा ठेवणे सोपे आहे, आमच्याजवळ काय आहे? हा प्रश्न त्यांना इतका लागला की १६८३ मध्ये त्यांनी ते पद सोडले आणि पुढे दुष्काळात आपली संपत्ती भुकेलेल्यांसाठी खर्च केली. त्यांनी स्थापन केलेल्या संघातील बंधूंना धर्मगुरुपदाची दीक्षा द्यायची नाही असेही त्यांनी ठरवले, कारण मुलांना शिकवणे हेच एका माणसाला आयुष्यभर पुरेल असे संपूर्ण पाचारण आहे, अशी त्यांची धारणा होती. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. आपल्या जुन्या शाळेत जो शब्द ढालीसारखा वापरला गेला, तो उच्चारण्याआधी या संताने स्वतः काय केले, हे शाळा चालवणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे.

इतिहासाचा शिक्षक

मी ख्रिस्ती नाही. परंतु गेली अकरा वर्षे एका कॅथोलिक शाळेत इतिहास शिकवतो आहे, म्हणून थोडे लिहितो. सुरुवातीला ‘प्रेषितकार्य’ हा शब्द आला की तो आपल्यासाठी नाही असे मी धरून चालत असे. एकदा आमच्या प्राचार्या सिस्टरांनी मला एवढेच विचारले की, वर्गातील कोणत्या मुलाशी या आठवड्यात तुमचे एकदाही बोलणे झाले नाही? मला चार नावे सांगावी लागली. त्या चौघांत सर्वांत खोडकर किंवा सर्वांत हुशार असे कोणीही नव्हते. ती मधल्या बाकांवरची, कधीच त्रास न देणारी मुले होती. त्या दिवसापासून मी वहीत अशा नावांची नोंद ठेवतो. शाळेच्या प्रेषितकार्यात माझा वाटा कोणता, हे मला त्या प्रश्नातून कळले, आणि त्यासाठी माझ्या श्रद्धेविषयी कोणी विचारणा केली नाही.

धर्मशिक्षण विभागातील धर्मभगिनी

इतिहासाच्या सरांनी लिहिलेले वाचून मन भरून आले. इतर धर्मांच्या मुलांविषयी आपण जी काळजी व्यक्त केली आहे, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. सरांनी उल्लेखिलेल्या व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक विभागाच्याच १९८८ च्या मार्गदर्शक दस्तऐवजात शाळेतील धर्मविषयक अध्यापन आणि श्रद्धावंतांसाठीचे श्रद्धाशिक्षण यांत जवळचे नाते असले तरी स्पष्ट फरक आहे, असे सांगितले आहे: पहिल्यात ज्ञान द्यायचे असते, तर दुसऱ्यात ज्याने श्रद्धा स्वीकारली आहे त्याला त्या श्रद्धेत वाढवायचे असते. विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या धर्मस्वातंत्र्याचा आणि सदसद्विवेकबुद्धीचा आदर झालाच पाहिजे, असेही तिथे म्हटले आहे. त्याच वेळी शुभवर्तमान सांगण्याचे आपले स्वातंत्र्य शाळा सोडून देऊ शकत नाही. मात्र सांगणे वेगळे आणि लादणे वेगळे, हा भेद तो दस्तऐवज कटाक्षाने करतो. मुलांनी प्रश्न विचारला तर मी माझ्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने बोलते. परंतु एखादे मूल मला बरे वाटावे म्हणून माझ्यासारखे बोलू लागले, तर माझे काहीतरी चुकते आहे असे मी समजते. आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो, आणि शिक्षकांचे ऐकतो ते ते साक्षीदार असतात म्हणून, असे पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये लिहिले, त्याचा अर्थ मला वर्गातच उमगला.

गरीब मुलांच्या शिक्षणासाठी झटलेले इटालियन धर्मगुरू संत जॉन बॉस्को यांनी १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिले होते. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना कळले पाहिजे, असा त्याचा गाभा आहे. गणिताच्या तासाला हे कळण्याची संधी धर्मशिक्षणाच्या तासापेक्षा जास्त असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझ्या तासाला क्वचितच कोणी नापास होते. आपल्या तासाला मात्र मुले फळ्यासमोर उभी राहून चुकतात, लाजतात आणि ‘मला जमणारच नाही’ असे मनाशी ठरवून टाकतात. त्या क्षणी आपण काय बोलता यावर पुष्कळ काही ठरते.

वेतनाविषयी आपण संकोच बाळगू नये. प्रापंचिक शिक्षकांना उद्देशून व्हॅटिकनच्या त्याच विभागाने १९८२ साली जो दस्तऐवज काढला, त्यात त्यांचे काम केवळ व्यवसाय म्हणून मोजता येणार नाही, ते पाचारण आहे, असे म्हटले आहे. परंतु त्याच दस्तऐवजात पुढे प्रापंचिक शिक्षकांना पुरेसे वेतन मिळावे, ते स्पष्ट कराराने निश्चित केलेले असावे आणि त्यांना कुटुंबासाठी वेळ व आवश्यक विश्रांती मिळावी, असेही सांगितले आहे. ज्यांनी आपल्याला पाचारणाचे नाव घेऊन गप्प केले, त्यांनी त्या दस्तऐवजाचा अर्धाच भाग वाचला होता. आम्ही व्रतस्थ आहोत आणि आमच्या निर्वाहाची व्यवस्था आमचा संघ पाहतो; ज्यांच्या घरी मुले आणि वृद्ध आईवडील आहेत, त्यांच्याकडून आमच्याच मापाने त्यागाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि हे आमच्यापैकी अनेकांच्या ध्यानात उशिरा येते.

गणिताची शिक्षिका

आपणा तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री मी आधीचा मजकूर बाजूला ठेवला आणि एका मुलीविषयी लिहायला घेतले. दोन वर्षांपूर्वी ती फळ्यापाशी यायला घाबरत असे, म्हणून मी तिला सर्वांसमोर बोलावण्याऐवजी रोज तास संपल्यावर एक उदाहरण तिच्याकडून सोडवून घेत असे, आणि चुकले तर ते कुठे चुकले हे तिलाच शोधायला सांगत असे. परीक्षेत तिला फार गुण मिळाले असे नाही. मात्र या वर्षी ती आपणहून उठून फळ्यापाशी आली. हे पाचारणाखाली लिहिण्यासारखे आहे, असे मला यापूर्वी कधी वाटले नव्हते. सरांनी सुचवल्याप्रमाणे मधल्या बाकांवरच्या मुलांची नावेही आज वहीत लिहिली. माझी संख्या सात निघाली.

सिस्टर, १९८२ च्या दस्तऐवजातील वेतन आणि करारासंबंधीचा भाग शिबिरात सर्वांसमोर वाचून दाखवावा, अशी विनंती मी आमच्या प्राचार्यांना करणार आहे. त्या ऐकून घेतील, असा मला भरवसा आहे.