थॅडियस स्टीव्हन्स: 13वी दुरुस्ती की 14वी?

प्रश्न: फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. पुण्यात त्यावर टिपण वाचायचंय. पेनसिल्व्हेनियाचे वकील-खासदार स्टीव्हन्स त्यात कुठे घ्यावेत?

उत्तर १: घोळ अमेरिकी राज्यघटनेच्या या दोन दुरुस्त्यांतच होतो. 13वीने (1865) गुलामी संपली; 14वीने (1868) नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण दिलं. झटले दोन्हींसाठी, पण 14वीचा मसुदा करणाऱ्या 15 जणांच्या समितीत ते स्वतः होते. तिथूनच सुरुवात करा.

उत्तर २: स्टीव्हन्स यांचं 1835चं भाषण अजिबात गाळू नका! पेनसिल्व्हेनियातला मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायचा त्यामुळे वाचला. फुल्यांशी खरा धागा तोच.

उत्तर ३: शिवाय कबर. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर शहरात कृष्णवर्णीयांना मज्जाव नसलेली दफनभूमी त्यांनी मुद्दाम निवडली. कारणही दगडावर कोरलंय.