मदत हवी आहे: उत्तरेच्या हॉलला राखाडी निळा की सेज?

दसरा झाला की घर रंगवायला काढतोय. बेडरूमचं ठरलंय, गाडी हॉलवर अडलीय.

ठाण्यात दुसरा मजला, हॉल साधारण १० बाय १६. एकच मोठी खिडकी, तीही उत्तरेला, आणि समोर बदामाचं झाड. ऊन आत येतच नाही. जो काही उजेड येतो तो पानांतून गाळून, हिरवट. फरशी आयव्हरी, सोफा आणि शोकेस सागवानी.

दोन शेड्स उरल्यात. एक राखाडीकडे झुकणारा फिकट निळा, एलआरव्ही ६५च्या आसपास. दुसरा सेज, म्हणजे राखाडी मिसळलेला हिरवा, ५५च्या आसपास. (एलआरव्ही म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते, ० काळा, १०० पांढरा.) आकडा बघितला तर निळा घ्यावा. पण उत्तरेचा उजेड आधीच निळसर, त्यात भिंतही निळी, म्हणजे पावसाळाभर दवाखान्यात बसल्यासारखं वाटणार, असं सासूबाई म्हणतात. मला पटतंय.

सॅम्पल डबे आणले. सध्याची भिंत पीच आहे, तिच्यावर थेट लावले तर थंड रंग उगाच जास्त निळे दिसतात. म्हणून पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारून, कडेने पांढरी पट्टी सोडून, ती शीट भिंतीभिंतीवर फिरवतेय. दुपारी सेज छान दिसतो. रात्री सगळा घोळ. आमची ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे पांढरा-निळसर उजेड (आकडा कमी तितका उजेड पिवळा). तिच्याखाली निळा बर्फासारखा आणि सेज मळकट. ३००० चा पिवळा बल्ब लावून पाहिला, तर निळ्याचा नुसता राखाडी झाला, सेज मात्र एकदम उबदार. मग आधी दिवे ठरवायचे की रंग?

पेंटरकाका म्हणतात, "मॅडम, चारी भिंतींना लागला की कार्डपेक्षा गडद वाटणार, एक शेड फिकट घ्या." बरोबर आहे, पण सेज फिकट केला की पिस्ता होतो, आणि पिस्ता आम्ही आधीच्या घरात पुरेसा भोगलाय.

उत्तरेचा हॉल असलेल्यांनी सांगा: संध्याकाळी दिवे लावायच्या आधी सेज कसा दिसतो? बाहेर झाड असेल तर शेवाळी वाटतो का? छत पांढरंशुभ्र ठेवलंत की जरा मळवलंत? मॅट घ्यावा असं मनात आहे, पुट्टीचे उंचवटे लपतात, पण घरात खडू घेऊन फिरणारं पोर आहे.

"सरळ ऑफव्हाइट लावा" सोडून काहीही सुचवा, तो सल्ला घरातच रोज मिळतोय. फोटो टाकणार असाल तर दिवसाचा, फ्लॅश न मारता काढलेला टाका.